१२३४५६७८९८७६५४३२१ : शेवटचा अंक एक की शून्य?

प्रश्न असा आहे. १११११११११ ही नऊ एकांची संख्या तिनेच गुणली, तर वहीत हाताने केलेले उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ येते. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला तोच गुणाकार दिला तर १२३४५६७८९८७६५४३२० मिळते. आणि स्प्रेडशीट १२३४५६७८९८७६५४३०० दाखवते. यांतले खरे कोणते, ही संख्या मूळ आहे का, नसल्यास तिचे विभाजक किती, आणि दिसायला देखणी असण्यापलीकडे तिच्यात काही आहे का, असे चार प्रश्न एकत्र विचारलेले आहेत. अंकसिद्धान्त शिकवताना ही संख्या माझ्या फळ्यावर दरवर्षी येते, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

वहीतले उत्तर बरोबर आहे, आणि हे ठरवायला कोणतेही यंत्र लागत नाही. विषम संख्येला विषम संख्येने गुणले की गुणाकार विषमच येतो, त्यामुळे शून्याने संपणारी दोन्ही उत्तरे पाहताक्षणीच बाद होतात. नवाचा ताळा पाहिला तरी तेच दिसते: १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने भाग गेलाच पाहिजे. वहीतल्या उत्तराच्या अंकांची बेरीज ८१ आहे, तर जावास्क्रिप्टच्या उत्तराची ८० आणि स्प्रेडशीटच्या उत्तराची ७८. मात्र ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबरच, असे समजू नये. दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि ताळ्याला काहीच कळत नाही. ताळा चूक पकडतो, बरोबर असल्याची हमी देत नाही.

मग यंत्र का चुकते? जावास्क्रिप्टमधील नेहमीची संख्या ज्या साच्यात साठवली जाते, त्यात सार्थ अंकांसाठी ५३ बिट, म्हणजे ० किंवा १ मांडायची ५३ घरे, असतात. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२ इतका आहे आणि तिथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या या साच्यात अचूक मावते. त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत, म्हणजे १८०१४३९८५०९४८१९८४ पर्यंत, फक्त सम संख्यांनाच जागा आहे. आपली संख्या नेमकी याच पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे, त्यामुळे तिला स्वतःची जागाच नाही. तिच्या एका बाजूला ३२० ने संपणारी संख्या आहे, दुसऱ्या बाजूला ३२२ ने संपणारी, आणि ती दोघींच्या बरोबर मध्ये उभी आहे. अशा वेळी नियम असा की जिची निमपट सम असेल तिच्याकडे झुकायचे. ३२० वालीची निमपट ६१७२८३९४९३८२७१६० ही सम आहे, म्हणून उत्तर तिकडे गेले. स्प्रेडशीटचे कारण आणखी साधे आहे: ती पंधराच सार्थ अंक धरते आणि उरलेल्या जागी शून्ये भरते. आधार क्रमांक बारा अंकी असल्यामुळे स्प्रेडशीटमध्ये तो सुखरूप राहतो, पण सोळा अंकी कार्ड क्रमांक संख्या म्हणून टंकला की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी हीच संख्या करून दाखवते. अचूक उत्तर हवे असेल तर पायथनमध्ये गुणाकार करावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट हा प्रकार वापरावा. चौसष्ट बिटांच्या पूर्णांक साच्यातही ही संख्या सहज मावते, कारण त्याची कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे.

आता तिच्या रूपाकडे वळू. गुणाकार शाळेच्या पद्धतीने मांडला तर १११११११११ ही ओळ नऊ वेळा, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहावी लागते. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक उरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करत मधल्या स्तंभात नऊ एके जमतात आणि पुढे ती पुन्हा एकेकाने कमी होत जातात. एकाही स्तंभाची बेरीज दहाला पोहोचत नाही, म्हणून कुठेही हातचा येत नाही, आणि स्तंभांच्या बेरजा जशाच्या तशा उत्तराचे अंक होतात. चढ आणि उतार दिसण्याचे सगळे रहस्य इतकेच आहे. अंकांची बेरीज ८१ येण्याचेही कारण हेच, कारण नऊ ओळींतली नऊ-नऊ एके मिळून ८१ एकेच आपण स्तंभांत वाटली आहेत.

हातचा आल्यावर काय होते ते दहा एके घेऊन पाहण्यासारखे आहे. १११११११११११ नव्हे, नीट मोजून दहा: ११११११११११. हिच्या वर्गात मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. तिथे ० मांडून हातचा १ डावीकडे जातो, तिथल्या ९ चे १० होतात, पुन्हा ० मांडून हातचा १ पुढे जातो, आणि त्यापुढच्या ८ चे ९ होऊन गाडी थांबते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू पूर्ववत उतरते, डाव्या बाजूचा ८ मात्र नाहीसा होतो आणि शिखराच्या जागी दोन शून्ये येतात. प्रत्येक हातच्यामागे अंकांची बेरीज ९ ने घटते, कारण एका घरातले दहा जाऊन शेजारी एक येतो. दोन हातचे आले म्हणून बेरीज १०० ऐवजी ८२ झाली. तेव्हा १, १२१, १२३२१ अशी चढत गेलेली ही मालिका दहाच्या पायावर, म्हणजे ० ते ९ या दहा अंकांनी लिहिताना, नऊ एकांशीच संपते, आणि आपली संख्या तिच्यातली शेवटची आणि सर्वांत मोठी आहे.

या मालिकेकडे आपल्याकडच्या गणितींचे लक्ष फार पूर्वीपासून आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन एकापासून सहापर्यंत वाढत जाऊन मग क्रमाने उतरणारी असे केले आहे. ती १११११११ चा नव्हे, सहा एकांचा, म्हणजे ११११११ चा वर्ग आहे. (एके मोजताना एक जास्त किंवा एक कमी लिहिला जाणे ही या विषयातली नित्याची चूक आहे, म्हणून मी ती मुद्दाम करून दाखवत असते.) विसाव्या शतकात याच संख्यांचा ध्यास घेतला तो दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणारे कापरेकर ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे जगभर ओळखले जातात; त्यांनी या वर्गांना आणि त्यांच्या मोठ्या कुटुंबाला डेम्लो संख्या असे नाव दिले. तेव्हाच्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर, मुंबईपासून ३० मैलांवर असलेल्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून हे नाव. त्यांच्या व्यापक व्याख्येत १६५, २५५३, ४७७७३ यांसारख्या संख्याही येतात: दोन्ही टोकांचे अंक मिळवले की मधला अंक मिळतो, मग तो मध्ये कितीही वेळा का येईना.

वाचनाबद्दल एक छोटी गोष्ट. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ही संख्या १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते आणि १,२३,४५,६७,८९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१ अशी वाचावी लागते, म्हणजे दोन्हीकडून सारखे दिसणे स्वल्पविरामांत हरवून जाते. एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंतची जी अठरा स्थाने भास्कराचार्यांनी सांगितली आहेत, त्यांतले सतरावे स्थान ‘मध्य’. आपल्या संख्येचा डावीकडचा एक तिथे बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

आता विभाजक. सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव काढायचे म्हटले की लोक बिचकतात, आणि संख्या मनाला येईल तशी निवडलेली असेल तर कागद-पेन्सिलीने ते काम खरोखरच जिकिरीचे आहे. पण इथे संख्येची घडणच आपल्याला वाट दाखवते. ती १११११११११ चा वर्ग आहे, तेव्हा मूळ नाही हे उघडच आहे, आणि नऊ एकांच्या संख्येचे अवयव काढले की काम झाले. नऊ एके म्हणजे तीन एकांचे तीन गट, म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. यातला १११ म्हणजे ३ × ३७. दुसऱ्या १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिलाही ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ मिळते. म्हणजे नऊ एके = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

३३३६६७ मूळ आहे का? हिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये आहे, म्हणून साध्या मार्गाने ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी, म्हणजे १०६ वेळा, भागून पाहावे लागेल. येथे थोडा सिद्धान्त वापरला तर श्रम पुष्कळ वाचतात. समजा, एखादी मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. ती ३ नसणार, कारण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे. ती १००१००१ ला भागते, म्हणून नऊ नवांच्या संख्येलाही भागते. याचा अर्थ १० चा नववा घात तिने भागला तर बाकी १ उरते. जर १० च्या तिसऱ्या घातालाच बाकी १ उरत असती, तर १००१००१, म्हणजे १० चा सहावा घात, तिसरा घात आणि एक यांची बेरीज, हिला भागल्यावर १ + १ + १ = ३ इतकी बाकी आली असती; पण बाकी शून्य आहे, म्हणून ती संख्या ३ च असायला हवी होती, आणि ती शक्यता आपण आधीच काढून टाकली आहे. तेव्हा बाकी १ प्रथम नवव्या घातालाच येते. फर्माच्या लघुप्रमेयानुसार असे घडण्यासाठी त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ९ ने भाग जायला हवा. ती विषम असल्यामुळे १८ नेही भाग जाणार. अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत फक्त सतराच आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. सतरा भागाकार करून पाहा; १९ ने भागल्यावर बाकी ८ उरते, ३७ ने १, ७३ ने ५७, १६३ ने ६, आणि शेवटच्या ५७७ ने १६१. कोणीही नि:शेष भागत नाही, म्हणून ३३३६६७ मूळ आहे. वर्गात मी हे भागाकार मुलांमध्ये वाटून देते आणि पाच मिनिटांत निकाल लागतो.

त्यामुळे १२३४५६७८९८७६५४३२१ चे मूळ अवयव असे: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५. ती विषम आहे, कारण विभाजक जोडीजोडीने येतात आणि पूर्ण वर्गात वर्गमूळ स्वतःचेच जोडीदार असते. लहान-मोठ्या क्रमाने लावले तर १११११११११ हा बरोबर तेविसावा विभाजक आहे. सगळ्या विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ होते. त्यातून मूळची संख्या वजा केली तर उरते ती तिच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ही न्यून संख्या आहे: स्वतःखेरीज बाकी विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा कमी भरते. त्या दृष्टीने तिच्यात विशेष काही नाही.

विशेष आहे ते पुढच्या लेखनात:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ × १२३४५६७९

पडताळा तोंडी घेता येतो. नऊ नवांनी गुणणे म्हणजे नऊ शून्ये जोडून तीच संख्या एकदा वजा करणे. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा करा: पुढचा भाग एकाने घटून १२३४५६७८ होतो आणि मागचा भाग ९८७६५४३२१. चढ कुठून आला आणि उतार कुठून, हे एका वजाबाकीत डोळ्यांसमोर येते. साहजिकच संख्येचे असे दोन तुकडे करून मिळवले, तर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ पुन्हा हजर होतात. आणि १२३४५६७९, ज्यात ८ नसल्याबद्दल लोक फार काळ कोडी घालत आले आहेत, ती ९९९९९९९९९ ला ८१ ने भागल्यावर येणारी संख्या आहे. म्हणूनच १ ला ८१ ने भागल्यावर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा आवर्ती दशांश मिळतो. आठ गाळला गेला तो दहा एकांच्या वर्गात गाळला गेला त्याच कारणाने: क्रमाने येणाऱ्या दहाचा हातचा नवावर पडतो, नवाचा हातचा आठावर, आणि आठाचे नऊ होतात.

८१ ने गुणून पाहिले की ही संख्या ९९९९९९९९९ च्या वर्गापाशी, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१ पाशी पोहोचते. तिचे नऊ-नऊ अंकांचे दोन भाग करा: ९९९९९९९९८ आणि ००००००००१, म्हणजे १; बेरीज ९९९९९९९९९. ज्या संख्येच्या वर्गाचे असे तुकडे मिळवल्यावर तीच संख्या परत मिळते, तिला आज कापरेकर संख्या म्हणतात. शिवाय अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणाऱ्या, असे नाव दिले. आपली संख्या तशीही आहे. अंकांची बेरीज ८१, भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि हा भागाकार १२३४५६७९ चा वर्ग आहे. १ पासून सुरू होणाऱ्या या नऊ वर्गांपैकी हर्षद किती, असे मी परीक्षेत विचारले आहे. उत्तर तीन: १, १२३२१ आणि आपली संख्या. जितकी एके तितक्यांनीच त्या एकांच्या संख्येला भाग जावा लागतो, आणि नऊपर्यंत तसे १, ३ आणि ९ या तीनच ठिकाणी घडते.

‘दिसण्यापलीकडे काही आहे का’ या प्रश्नाचे माझे उत्तर यातूनच निघते, पण त्यासाठी दोन प्रकारचे गुण वेगळे ठेवावे लागतात. आतापर्यंतचे बहुतेक गुण, म्हणजे चढ-उतार, अंकांची बेरीज, हर्षद असणे, गाळलेला आठ, हे आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून दिसतात. आठच्या पायावर लिहिणाऱ्या माणसाला सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा दिसेल आणि त्याचे शिखर सातच असेल. आपली सतरा अंकी संख्या त्याला अगदी सामान्य वाटेल. ४५ विभाजक, पूर्ण वर्ग असणे, ३३३६६७ चे मूळपण हे मात्र संख्येचे स्वतःचे आहे आणि कोणत्याही पायावर लिहिले तरी बदलत नाही. हा भेद न केल्यामुळे अंकांच्या गमतीला संख्येचे गूढ समजणारे पुष्कळ लोक मला भेटले आहेत.

संख्येच्या स्वतःच्या गुणांपैकी माझ्या आवडीचा एक राहिला. ३, ३७ आणि ३३३६६७ या तीन अवयवांना ४ ने भागून बाकी पाहा: ३ ची ३, ३३३६६७ चीही ३, आणि एकट्या ३७ ची १. दोन वर्गांच्या बेरजेत मोडता येतात त्या १ बाकी उरणाऱ्या मूळ संख्या, म्हणून इथे एक फट आहे आणि ती ३७ ची. ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग. उरलेले अवयव ९ × ३३३६६७ = ३००३००३ दोन्हीकडे गुणले, तर

१०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग = १२३४५६७८९८७६५४३२१

म्हणजे कर्ण १११११११११ असलेला आणि उरलेल्या दोन्ही बाजू पूर्ण संख्या असलेला काटकोन त्रिकोण आहे. ३७ हा अवयव नऊ एकांत एकदाच येतो आणि त्याच्या जातीचा दुसरा अवयव तिथे नाही, म्हणून त्या कर्णावर असा त्रिकोण एकच उभा राहतो.